खाडीच्या तोंडावरचा पांढरा धोंडा

"बुधाजीबाबांचे डोळे गेलेत, हे मला पटत न्हाय!" सुगरानं वाळूत पाय आपटला.

"आख्खं गाव म्हनतंय, आन् तुला पटत न्हाय!" आकाराम हसला. "तू काय डोळ्यांची डाक्तरीण हाईस?"

"डाक्तरीण न्हाय, पर डोकं तर हाय! आदल्या दिवशी बुधाजीबाबांचा मचवा खडकावर गेला. दुसऱ्या दिवशी ती मासेवाल्यांची होडी थोडक्यात वाचली. दोन्ही भर उन्हात! लागोपाठ दोघा तांडेलांचे डोळे जात्यात व्हय? डोळे जायाची साथ आली काय?"

आकारामनं निसारकडे पाहिलं. निसार मघापासून खाडीच्या तोंडाकडे बघत उभा होता. नदी जिथे समुद्राला मिळत होती तिथे पांढऱ्या फेसाची एक रांग सारखी उठत होती आणि फुटत होती. त्या फेसाखाली काळे, धारदार खडक होते. बुधाजीबाबांचा शिडाचा मचवा अजून त्या खडकांवर कलंडून पडला होता आणि प्रत्येक लाटेला त्याच्या फळ्या करकरत होत्या.

"अब्बा त्याच वाटेनं येनार हाईत," निसार म्हणाला. "आज, न्हाईतर उद्या."

आकारामचं हसणं तिथल्या तिथे थांबलं.

निसार आणि सुगरा ही कोल्हापूरच्या महंमद मिस्त्रींची मुलं. निसार बारा वर्षांचा, सुगरा त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, पण जीभ मात्र दोन वर्षांनी मोठी! कोल्हापुरात तेव्हा शाहू महाराजांचं राज्य होतं. ऊस गाळायचे जुने लाकडी चरक जाऊन गावोगावी लोखंडी चरक येऊ लागले होते आणि ते बसवण्यात महंमद मिस्त्रींचा हात धरणारं कुणी नव्हतं. यंदाचे चरक मुंबईहून समुद्रमार्गे येणार होते. आगबोट थांबायची लांबच्या मोठ्या बंदरात. तिथून माल मचव्यानं तांबेखोलच्या या खाडीत आणायचा आणि बैलगाड्यांत घालून घाट चढवायचा, असा बेत होता. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. मुलांनी "समुद्र दावा, समुद्र दावा" असा घोशा लावला, की शेवटी मिस्त्रींनी हात टेकले. गाडीवान आण्णांचा पुतण्या आकारामही गाडीत चढून बसला. तो तालमीत जायचा आणि दंडाच्या बेटकुळ्या दाखवायची एकही संधी सोडायचा नाही.

तांबेखोलला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी अब्बा मचव्यातून माल आणायला गेले. जाताना मुलांना आण्णांच्या हवाली करून गेले. आता आण्णा म्हणजे एकदा घोंगडीवर आडवे झाले, की कुणाचेच नव्हेत! त्यामुळे मुलांना रान मोकळं होतं.

पण तांबेखोल ही जागा मोठी एकाकी होती. एका बाजूला उभा काळा कडा, दुसऱ्या बाजूला वाऱ्यानं वाकलेली झाडं, मध्ये ही खाडी. किनाऱ्याला थोडीशी घरं, वाळूला लागून एका पिराची पांढरीशुभ्र तुरबत, आणि वर टेकडीवर उतारूंसाठी बांधलेला बंगला. बास! रात्रंदिवस समुद्राचा आवाज कानात घुमायचा. कोल्हापूरच्या पोरांना पहिले दोन दिवस झोपच आली नव्हती.

तेव्हा त्यांना सोबत दिली होती ती बुधाजी तांडेलांनी. तांडेल म्हणजे मचवा हाकणारा म्होरक्या. सारं आयुष्य या खाडीत ये-जा केलेला म्हातारा! त्यांनीच मुलांना आत शिरायची युक्ती सांगितली होती.

"ही खाडी लय लबाड," ते म्हणाले होते. "वाट एकच, तीव अरुंद. पण समुद्रातसून बघलास तर खाली पीर दिसता, आणि वर टेकडीर पांढरो धोंडो दिसता. धोंडो पिराच्या बरोबर डोक्यार इलो, की नीट आत शिरूचा. खडक लागूचो नाय!"

टेकडीवरच्या त्या धोंड्याला तांडेलांची माणसं दरवर्षी स्वतःच्या हातानं चुना लावत. त्याच खुणेवर भरवसा ठेवून बुधाजीबाबा आत शिरले होते, आणि सरळ खडकावर गेले होते! माणसं पोहून वाचली, मचवा फुटला. तेव्हापासून म्हातारा ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसला होता. "माझे डोळे गेले," एवढंच तो म्हणायचा. समुद्राकडे तो बघतही नव्हता. सुगराला ते बघवत नव्हतं.

"असं करू या," निसार एकदम वळून म्हणाला. "बुधाजीबाबांना तिकडनं जे दिसलं, ते आपुन बघू या. वाळूचा त्यो दांडा पार खडकांपतोर गेलाय. आता पानी उतरलंय. टोकापतोर चालत जायाचं आन् मागं वळून बघायाचं!"

"चला की!" आकारामनं दंड थोपटले.

आता कोकणातल्या शेंबड्या पोरानंसुद्धा तिथे जाण्याआधी विचारलं असतं, "भरती कधी?" पण ही पडली घाटावरची पोरं! पंचगंगेचं पाणी एकदा उतरलं की उतरलं. ते त्याच दिवशी पुन्हा चढतं, नदी उलटी वाहू लागते, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. तिघं खुशाल ओल्या वाळूवरून निघाली. दांडा किनाऱ्यापासून निघून वाकडातिकडा समुद्रात घुसला होता. चालता चालता दोन्ही बाजूंचं पाणी जवळ आलं, लाटांचा आवाज वाढला, आणि सुगरानं न बोलता निसारचा हात धरला.

टोकाशी पोचल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं.

किनारा किती वेगळा दिसत होता! घरं झाडीत बुडाली होती. बंगलाही नीट दिसत नव्हता. दिसत होती फक्त पिराची पांढरी तुरबत, आणि तिच्या बरोबर डोक्यावर, टेकडीवर, एक मोठा पांढराशुभ्र धोंडा.

"हाय की! खाली पीर, वर धोंडा!" आकाराम म्हणाला. "खूण तर बरोबर हाय. म्हंजे बुधाजीबाबाच चुकलं."

"थांब," निसार म्हणाला. "पीर आन् धोंडा आपल्याला एका रेषेत दिसतोय, म्हंजे आपुन त्याच रेषेत उभं हाय. आता तीच रेष मागं कुठं जाती बघ."

तिघांनी पाठमोरं वळून समुद्राकडे पाहिलं. समोर, अगदी नाकासमोर, फेसाळलेले खडक होते. आणि त्यांच्यावर बुधाजीबाबांचा फुटका मचवा!

"या अल्ला!" सुगराच्या तोंडून निघालं.

"खोल पानी तर तिकडं हाय, पार त्या अंगाला," निसार हातानं दाखवत म्हणाला. "भाबडेपनानं जो कुनी धोंड्यावर इस्वास ठेवंल, त्यो खडकावरच जानार. धोंड्याची जागाच चुकलीया!"

"धोंडा काय चालत जातोय व्हय?" आकाराम म्हणाला. मग त्यानं डोळे बारीक करून टेकडीकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "निसार... त्यो वळणावरचा धोंडा हाय. त्यो आपुनच रंगवलाय!"

तिघांनाही ती दुपार आठवली.

टेकडीवरच्या बंगल्याचे कारभारी गणपतराव. माणूस घाटावरचाच. मोठे इंजिनियरसाहेब बंदर बघायला येणार, असा निरोप त्यांना आला आणि त्यांच्या अंगात संचारलं! घाटावर कुणी बडा माणूस यायचा म्हटला, की वाटेच्या दोन्ही बाजूंच्या दगडांना चुना फासायचा ही रीतच होती. गणपतरावांनी ती रीत जशीच्या तशी कोकणात उतरवली. दगड रंगले, झाडांचे बुंधे रंगले, विहिरीचा काठ रंगला. बंगल्याची शेळी तेवढी चपळ म्हणून वाचली! तरी चुना उरलाच. मग त्यांनी टेकडीच्या वाटेवर, वळणावरच्या गाडीएवढ्या काळ्या धोंड्याकडे बोट दाखवलं आणि मुलांना फणसाच्या गऱ्यांचं आमिष दाखवलं. निसार आणि आकारामनं पैज लावून तो धोंडा रंगवला. सगळ्यात उंच जागी निसारच चढला होता. अब्बा गेल्याच्या दुसऱ्या दिवशीची ही गोष्ट. बुधाजीबाबा तेव्हा समुद्रावर गेलेले होते, आणि अब्बांना व त्यांच्या मचव्याच्या तांडेलालाही या नव्या धोंड्याचा पत्ताच नव्हता!

"मग खरा धोंडा कुठाय?" सुगरानं विचारलं. "त्यो का दिसंना?"

"मांडव!" निसार ओरडला. "साहेबासाठी बंगल्याम्होरं मांडव घातलाय न्हवं, झावळ्यांचा! खरा धोंडा त्याच्या मागं गेलाय!"

"चला पळा! गणपतरावांना सांगू!"

तिघं पळायला वळली आणि जागच्या जागी खिळली. ज्या वाळूवरून ती आली होती, ती वाळू मध्येच गायब झाली होती! तिथे आता पाणी होतं, आणि ते समुद्राकडून नदीत, उलटं, जोरानं घुसत होतं.

"नदी उलटी वाहाया लागली!" आकाराम किंचाळला. तालीम, दंड, बेटकुळ्या सगळं विसरला गडी!

"बोलत बसू नका, पानी वाढतंय! हात धरा!"

ते पाण्यात शिरले. आधी गुडघा, मग कंबर. पायाखालची वाळू सरकत होती. आकारामनं सुगराला खांद्यावर घेतलं. निसारनं त्याचा सदरा घट्ट धरला. मध्यावर पाणी निसारच्या गळ्याशी आलं. एक लाट डोक्यावरून गेली, नाकातोंडात खारं पाणी शिरलं, हातातला सदरा सुटला. "भाई!" सुगराची किंकाळी त्याला कुठून तरी लांबून ऐकू आली. तेवढ्यात एका राकट हातानं त्याची मानगूट पकडली आणि त्याला वर ओढलं.

बुधाजीबाबा! छातीएवढ्या पाण्यात, एका हातात लहान होडीचा दोर, दुसऱ्या हातात निसार, आणि होडीच्या काठाला लटकलेली आकाराम आणि सुगरा!

"भरती इली, आणि तुमी दांड्यार?" किनाऱ्याला लागल्यावर म्हातारा गरजला. "तुमची आरड आयकान मी वळान बघलंय. मराक गेल्लास?"

"बाबा, तुमी आमाला एवढ्या लांबनं बघितलंसा!" सुगरा धापा टाकत म्हणाली. "म्हंजे तुमचे डोळे शाबूत हाईत! तुमी चुकला न्हाईसा! धोंडा खोटा हाय!"

तिघांनी एकदमच सगळं सांगून टाकलं. बुधाजीबाबा ऐकत राहिले. त्यांनी ओल्या हातानं डोळे पुसले, टेकडीकडे पाहिलं, मग समुद्राकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी ते समुद्राकडे असे रोखून बघत होते. आणि बघता बघता त्यांची मुद्रा बदलली.

"शीड!" ते पुटपुटले.

लांब, पाणी आणि आभाळ जिथे मिळतं तिथे, एक तिरकं शीड दिसत होतं.

"अब्बांचा मचवा?" निसारनं विचारलं.

"तोच. भरतीबरोबर आत येतलो. वारोव मागसून आसा, वेळ लागूचो नाय."

"होडीतनं जाऊन सांगा की त्यांना!"

"ही टीचभर होडी त्या लाटांत टिकूची नाय रे. आणि किनाऱ्यारसून हात केलो तर तेंका वाटतला, आमी राम राम घालतो! तांडेलाचो डोळो धोंड्यार आसता, माणसार नाय." म्हाताऱ्यानं निसारच्या पाठीवर थाप मारली. "धाव! तो धोंडो काळो कर!"

तिघं टेकडी चढू लागली. उन्हानं कातळ भाजत होता आणि छातीत कळा येत होत्या, पण थांबायला कुणी तयार नव्हतं. वर गणपतराव नवा फेटा बांधून मांडवात झेंडूच्या माळा सरळ करत उभे होते.

"गणपतराव! मांडव काढा! वळणावरच्या धोंड्याचा चुना खरवडा! मचवा खडकावर जानार हाय!"

"काय?" गणपतराव दचकले. सगळं ऐकून घेतल्यावर मात्र त्यांनी मिशीवर हात फिरवला आणि हसले. "अरे, साहेब त्याच मचव्यानं येतायत! सकाळीच निरोप आलाय. म्हणून तर समुद्राच्या बाजूला एवढी शोभा केली. साहेबांनी नावेतून मान वर केली, की बंगला कसा झगमगला पाहिजे! आणि तुम्ही म्हणता, मांडव काढा?"

"अवो, साहेब मान वर करायाला उरलं तर पायजेल न्हवं!" सुगरा ओरडली.

"चूप! पोरींनी मोठ्यांना शिकवायचं नाही. त्या म्हाताऱ्याचे डोळे गेले आणि खापर फोडतोय माझ्या चुन्यावर. निघा इथून! कुणी मांडवाला हात लावला तर तंगडी मोडून ठेवीन!" बंगल्याचे दोन शिपाई काठ्या घेऊन पुढे झाले.

मुलं मागे हटली. खाली समुद्रात शीड आता मोठं दिसू लागलं होतं. निसारच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या मचव्यात अब्बा होते, आणि अब्बांना पोहता येत नव्हतं! हे त्याला ठाऊक होतं, सुगरालाही ठाऊक होतं, पण दोघांपैकी कुणाचीही ते बोलून दाखवायची हिंमत होत नव्हती.

"रडू नगंस भाई," सुगरा हळूच म्हणाली. "तू आण्णांकडं पळ. त्यांच्या घोंगड्या काळ्या हाईत न्हवं? समद्या गाडीवानांच्या आन. आकारामदादा, तू बैल आन आन् नाडा आन. गणपतरावांचं मी बघते."

"तू? काय करनार हाईस?"

"पळा की आता!"

ती दोघं खाली गेली. सुगरानं मनातल्या मनात देवाची माफी मागितली. मग ती बंगल्याच्या मागच्या बाजूनं धावत आली आणि असा काही आरडाओरडा केला, की झाडावरचे कावळे उडाले.

"गणपतराव! ओ गणपतराव! साहेब घाटाच्या वाटेनं आलं! घोड्यावरनं! घोडा लंगडाया लागलाय, आन् साहेब लई तापल्यात! 'कुठाय त्यो कारभारी' म्हनत्यात!"

"घाटानं? अरे देवा! पण निरोप तर..." गणपतरावांचा फेटा डोळ्यांवर आला. "हार आणा रे! पाणी आणा! चला, चला!" एका हातात हार, दुसऱ्या हातात धोतराचा सोगा धरून ते मागच्या वाटेनं सुटले. मागून तांब्या घेऊन एक शिपाई आणि खुर्ची डोक्यावर घेऊन दुसरा!

खाली तळावर आण्णा झोपलेलेच होते. निसारनं त्यांच्या अंगाखालची घोंगडी खसकन ओढली.

"आरं ए! काय भूत शिरलं काय तुझ्यात?"

"आण्णा, घोंगडी द्या! अब्बा बुडनार हाईत!"

निसारचा चेहरा बघून आण्णांची झोप खाडकन उतरली. त्यांनी पुढे एक अक्षर विचारलं नाही. "आरं ए, उठा रे समदी! घोंगड्या काढा!" अशी त्यांनी हाळी घातली, आणि तळावरचे पाचही गाडीवान घोंगड्या खांद्यावर टाकून निसारच्या मागे टेकडी चढू लागले.

वर आकारामनं हौशा आणि पाखऱ्या ही बैलजोडी आणून उभी केली होती. त्यानं मांडवाच्या खांबांना जाड दोराचा नाडा बांधला, दुसरं टोक जुवाला बांधलं आणि बैलांच्या पाठीवर थाप मारली.

"हाय, चल माझ्या राजा! वढ!"

नाडा ताठ झाला. मांडव करकरला. एक खांब वाकला, पण बाकीचे हलेनात. आकाराम स्वतः नाड्याला भिडला. त्याचे पाय कातळावर घसरत होते, कपाळाची शीर तटतटली होती. सुगराही धावत येऊन नाड्याला लटकली. "वढ! आणखी वढ!" आणि काडकन आवाज झाला! झावळ्या, माळा, झालरी असा सगळा डोलारा बाजूला कोसळला आणि त्याच्यामागून खरा धोंडा उघडा पडला. मूळचा, तांडेलांनी रंगवलेला, उन्हात लखलखणारा!

"ह्यो एक झाला!" आकाराम ओरडला. "दुसरा?"

दुसऱ्या धोंड्यापाशी मात्र वाऱ्यानं छळ मांडला होता. निसार धोंड्यावर चढला होता. खालून आण्णा घोंगड्या फेकत होते, तो त्या समुद्राच्या बाजूला सोडत होता आणि वरच्या काठावर दगड ठेवत होता. एक घोंगडी बसली. दुसरी बसली. तिसरी वाऱ्यानं उचलली आणि दगडांसकट खाली भिरकावली! मधलाच पट्टा पांढरा राहिला. खाली मचवा इतका जवळ आला होता, की शिडाचं ठिगळसुद्धा दिसत होतं. आणि त्याचं तोंड सरळ खडकांकडे होतं.

"आण्णा, ती घोंगडी परत द्या!"

ती त्यानं पुन्हा सोडली. ती पुन्हा फडफडून वर आली. दगड ठेवायला वेळ नव्हता. मग निसारनं घोंगडीची दोन टोकं मुठीत धरली, आणि धोंड्याच्या कडेवरून समुद्राच्या बाजूला खाली घसरत गेला! पालथा, हात फाकून, घोंगडी छातीखाली दाबून तो त्या उतरत्या दगडाला चिकटला. पायाखाली फक्त बोटभर खाच होती. तिच्याखाली सरळ कडा.

"निसार! आरं मर्दा, पडशील!" आण्णांनी धोंड्यावर चढून वरून वाकून त्याचं मनगट पकडलं.

"सोडू नगा आण्णा! मचवा कुठं हाय? मला दिसंना!"

त्याचं तोंड दगडाला टेकलेलं होतं. त्याला फक्त घोंगडीचा वास येत होता आणि वाऱ्याचा आवाज ऐकू येत होता. मागे काय चाललं आहे ते त्याला कळत नव्हतं.

"सुगरा! सांग की काय तरी! कुठं हाय?"

सुगरा कड्याच्या टोकाशी उभी होती. "खडकाकडंच येतोय... भाई, अजून तिकडंच येतोय! वळंना! आता... थांब... शीड हाललं! सुकाणूवाला उभा राह्यलाय. इकडं हात दावतोय... भाई! वळला! वळला!"

खालून, पिराजवळून, बुधाजीबाबांची आरोळी सगळ्या खाडीभर घुमली. "वळलो रेऽऽ! धोंडो गावलो!"

मचव्यानं पुढचं तोंड फिरवलं, खडकांच्या फेसाला जवळजवळ घासून तो खोल पाण्याच्या वाटेला लागला आणि एका मोठ्या लाटेवर बसून सुरक्षित आत आला.

आण्णांनी आणि गाडीवानांनी निसारला वर ओढून घेतलं तेव्हा त्याची बोटं घोंगडीतून सोडवावी लागली. त्याच्या कोपरांची आणि गुडघ्यांची कातडी सोलून निघाली होती. त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

किनाऱ्यावर सारा गाव लोटला. मचव्यातून आधी इंजिनियरसाहेब उतरले, भिजलेले आणि घाबरलेले. त्याच वेळी घाटाच्या वाटेनं गणपतरावही घामाघूम होऊन परतले. हातातल्या हाराची एव्हाना नुसती दोरी राहिली होती.

"साहेब, या पोरांनी मांडव पाडला! माझ्याशी खोटं बोलली! यांना..."

"गणपतराव," साहेब म्हणाले, "आम्ही दोन धोंडे पाहिले. एक अचानक नाहीसा झाला आणि दुसरा उगवला. तांडेल म्हणाला, असं कधी घडलं नाही. मग त्याला काळ्या दगडाला चिकटलेलं एक माणूस दिसलं, आणि त्यानं सुकाणू फिरवलं. मला आता सगळं नीट सांगा."

सांगितलं ते सुगरानं, आणि आपल्या खोटेपणासकट सांगितलं. आकारामनं मध्ये मध्ये बैलांच्या ताकदीची आणि जराशी स्वतःच्याही ताकदीची भर घातली. ऐकता ऐकता साहेबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "माझ्या स्वागतासाठी म्हणून मलाच बुडवणार होतात की हो तुम्ही!" ते गणपतरावांना म्हणाले. "आता हातात घमेलं घ्या आणि तो धोंडा स्वतः खरवडून काळा करा. आणि बुधाजी तांडेलांचा मचवा सरकारी खर्चानं दुरुस्त होईल. चूक त्यांची नव्हती, हे सगळ्या गावानं ऐकावं." मग ते मुलांकडे वळले. "पोरांनो, मोठमोठ्यांना सुचलं नसतं ते तुम्हाला सुचलं. शाब्बास!"

बुधाजीबाबांनी सुगराच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला.

पण निसारचं या सगळ्याकडे लक्ष नव्हतं. तो गर्दीच्या मागे उभा होता. अब्बा सगळ्यांत शेवटी उतरले. त्यांनी सुगराला उचलून घेतलं, आकारामची पाठ थोपटली आणि मग निसारकडे आले. निसारनं मान खाली घातली.

"अब्बा, त्यो धोंडा... त्यो मीच रंगवलाता. पैज लावून. बुधाजीबाबांचा मचवा माझ्यामुळंच फुटला."

अब्बा त्याच्यासमोर वाळूत गुडघ्यांवर बसले. त्यांनी त्याचे सोललेले कोपर पाहिले.

"निसार," ते म्हणाले, "मचव्यात समदी वरडाया लागली, तवा मी वर बघितलं. काळ्या दगडावर एवढंसं पोर चिकटल्यालं. एवढ्या वाऱ्यात! माजा जीव ऱ्हाईना बग. म्हनलं, कुनाचं हाय हे लेकरू? या अल्ला, आमचं काय व्हायचं ते हुंदे, पर त्या पोराला पडू देऊ नगंस!"

त्यांनी निसारला छातीशी घट्ट धरलं.

"मला काय ठावं बाळा, त्यो तू हाईस!"

आणि इतका वेळ दगडासारखा घट्ट राहिलेला निसार अब्बांच्या भिजक्या सदऱ्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडू लागला.